आभाळ सगळ्यांचं, ड्रायव्हर मात्र विंडोजचा!

दुर्बीण आली, कॅमेरा आला, गावाकडचं काळंभोर आभाळही हाताशी आहे. पण लॅपटॉपवर लिनक्स किंवा मॅक असेल तर? देऊळघाटच्या शेतात ट्रायपॉड उभा करण्याआधी एवढं वाचाच!

दुर्बीण घ्यायला गेलात की दुकानदार बरंच काही विचारतो. बजेट किती? चंद्र-ग्रह बघायचेत की दूरच्या दीर्घिका? गच्ची आहे का? गाडीच्या डिकीत मावायला हवी का? एक प्रश्न मात्र सहसा राहूनच जातो. तुमच्या लॅपटॉपवर कोणती सिस्टिम आहे?

साधा वाटतो ना प्रश्न? पण आकाशाचे फोटो काढायचे असतील, तर अख्खी रात्र त्याच्यावर अवलंबून असते. कारण या छंदात कॅमेरा एकटा येत नाही. दुर्बिणीला ताऱ्यांमागे फिरवणारा मोटरवाला माउंट, तो नीट फिरतोय ना यावर नजर ठेवणारा छोटा गाइड कॅमेरा, फोकसरची मोटर, फिल्टर बदलणारी चकती, असं सगळं वऱ्हाड सोबत असतं. प्रत्येकाची एक यूएसबी केबल आणि प्रत्येकाला एक ड्रायव्हर. बॉक्स उघडलात की आत विंडोजसाठीची सूचना ठळक दिसते. बाकीच्यांनी आपापलं बघून घ्यावं!

आणि बाकीचे कोण? तर तुमच्या-आमच्यासारखेच. ऑफिसात दिवसभर उबुंटूवर कोड लिहिणारे, पहिल्या बोनसमधून मॅकबुक घेतलेले, किंवा जुना लॅपटॉप लिनक्स टाकून जिवंत ठेवलेले.

वर्षाला फक्त आठ अमावास्या

‘अहो, नाही चाललं तर पुढच्या वीकएण्डला बघू’ असं म्हणणं सोपं आहे. पण जरा हिशेब करून बघा. फिकट तेजोमेघ आणि दीर्घिका टिपायच्या तर चंद्र नको. म्हणजे महिन्यातली अमावास्येच्या आसपासची एखादी शनिवार-रविवारची जोडी. त्यातून जून ते सप्टेंबर पावसाचे चार महिने वजा करा. उरल्या आठ अमावास्या. त्यातून क्लायंटची डेडलाइन, मावसभावाचं लग्न आणि अवकाळी ढग वजा करा. हातात राहतात चार-पाच रात्री. त्यातली एक रात्र ‘डिव्हाइस नॉट फाउंड’ हा मेसेज बघत घालवायची का?

बरं, या रात्री शहरात मिळत नाहीत. पुण्या-मुंबईत आभाळ रात्रीही दुधाळ करडं असतं. म्हणून मग गाव आठवतं. विदर्भातल्या मंडळींसाठी ते बुलढाण्याच्या बाजूला असू शकतं. देऊळघाट हे बुलढाणा तालुक्यातलं, घाटावरचं गाव. मुंबईहून रेल्वेनं मलकापूर, तिथून मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाणा, असा हा नेहमीचा रस्ता. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून गाडीनं जाणाऱ्यांचीही सोय झाली आहे. आणि आकाशाशी या जिल्ह्याचं नातं जुनंच आहे. अवकाशातून आलेल्या दगडानं बेसॉल्टच्या खडकात खणलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं लोणारचं विवर याच जिल्ह्यात आहे.

गावातल्या दिव्यांपासून थोडं लांब, ओळखीच्या शेतात परवानगी घेऊन उभे राहा. उत्तरेला ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण साडेवीस अंशांवर दिसेल. का? तर देऊळघाटचं अक्षांशही तेवढंच आहे! दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर अमावास्या आयतीच मिळते, कारण लक्ष्मीपूजन अमावास्येलाच असतं. फटाक्यांचा धूर खाली बसला की सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर असलेली देवयानी दीर्घिका जवळजवळ डोक्यावर असते. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलात तर दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा भलामोठा गुच्छ २२ अंशांपर्यंत वर येतो. लंडनच्या हौशी मंडळींना तो घरून कधीच दिसत नाही. म्हणजे आभाळाच्या बाबतीत आपण श्रीमंत. अडतं ते केबलच्या दुसऱ्या टोकाला!

दुभाषा कुणाचा?

हे असं झालं कसं? गोष्ट १९९० च्या दशकाच्या शेवटाची. प्रत्येक कंपनीचा माउंट आणि कॅमेरा आपापली भाषा बोलायचा. नवं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला या सगळ्या भाषा शिकाव्या लागायच्या. १९९८ च्या सुमाराला अमेरिकेतल्या बॉब डेनी यांनी यावर उपाय काढला, ॲस्कॉम. फंडा सिंपल होता. मध्ये एक दुभाषा बसवायचा. कंपनीनं आपल्या यंत्राचा ड्रायव्हर या दुभाष्याला समजेल असा लिहायचा आणि सॉफ्टवेअरवाल्यानं फक्त दुभाष्याशी बोलायचं.

कल्पना हिट झाली. पण हा दुभाषा मायक्रोसॉफ्टच्या ‘कॉम’ नावाच्या तंत्रावर उभा होता, म्हणून तो विंडोजमध्येच राहिला. कंपन्यांनीही मग तेवढाच एक ड्रायव्हर लिहिला आणि हात झटकले. विंडोजवर जास्त गिऱ्हाईक, म्हणून तिथे जास्त ड्रायव्हर. तिथे जास्त ड्रायव्हर, म्हणून गिऱ्हाईकही तिथेच. आजही ‘निना’ आणि ‘शार्पकॅप’ ही फोटो घेण्याची दोन गाजलेली सॉफ्टवेअर्स विंडोजपुरतीच आहेत.

पण दुसऱ्या बाजूलाही हालचाल सुरू होतीच. एलवूड डाउनी यांनी ‘इंडी’ नावाची वेगळी व्यवस्था आखली आणि कुवेतमधल्या जासेम मुतलक यांनी ती हौशी लोकांपर्यंत पोचवली. इंडी पहिल्यापासून नेटवर्कवर बोलते. म्हणजे दुर्बिणीजवळच्या छोट्या कॉम्प्युटरवर इंडीचा सर्व्हर आणि तुम्ही ओसरीवर पांघरूण घेऊन लॅपटॉपसमोर. मध्ये फक्त वायफाय. लॅपटॉपवर लिनक्स आहे, मॅक आहे की विंडोज, याचं इंडीला काही देणंघेणं नाही. पुढे ॲस्कॉमनंही ‘अल्पाका’ ही नेटवर्कवरून बोलणारी आवृत्ती आणली. आपला दुभाषा एकाच घरात कोंडला गेलाय, हे त्यांनाही पटलं म्हणायचं.

इंडीचा सर्वात गाजलेला साथीदार म्हणजे ‘केस्टार्स’ हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर, आणि त्याच्या पोटातलं ‘इकॉस’. फोकस, गायडिंग, रात्रभराचं शेड्यूल, सगळं एका खिडकीत. यात भारतीय हातही आहे बरं का! २००८ च्या ‘गूगल समर ऑफ कोड’मध्ये आकर्ष सिम्हा या भारतीय तरुणानं केस्टार्समध्ये ताऱ्यांची संख्या प्रचंड वाढवण्याचं काम केलं आणि पुढेही तो या प्रकल्पात रमला.

एका वेबकॅमची गोष्ट

‘सपोर्ट नाही’ याचा अर्थ काय होतो, हे समजून घ्यायला २००४ सालात जायला हवं. तेव्हा ग्रहांचे फोटो काढणाऱ्यांचा लाडका कॅमेरा होता फिलिप्सचा ‘टूकॅम’. चक्क व्हिडिओ चॅटचा वेबकॅम! त्याची लेन्स काढायची, तो दुर्बिणीत बसवायचा, शेकडो फ्रेम्स घ्यायच्या आणि त्यातल्या चांगल्या एकावर एक रचायच्या. शनीची कडी अशी काही उठून दिसायची की बघतच राहावं.

लिनक्सवर या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर ‘निमोसॉफ्ट’ या टोपणनावानं काम करणाऱ्या एका प्रोग्रॅमरनं लिहिला होता. त्यातला एक भाग खुला होता आणि एक बंद. कारण चित्र उलगडण्याची पद्धत त्यानं फिलिप्सकडून गुप्ततेच्या करारावर मिळवली होती. २००४ च्या ऑगस्टमध्ये लिनक्सच्या कर्त्याधर्त्यांनी, बंद भागाला जोडायची ही खास खुंटी चालणार नाही, असं सांगून ती काढून टाकली. निमोसॉफ्ट चिडला. मग माझा अख्खा ड्रायव्हरच काढा, म्हणाला. आणि तो निघालाही!

विचार करा. कॅमेरा तोच, लॅपटॉप तोच आणि शनीही जागच्या जागी. फक्त एक माणूस रागावला आणि पुढच्या अपडेटनंतर कॅमेरा मुका. शेवटी लूक साय्यार या फ्रेंच प्रोग्रॅमरनं तो बंद भाग उलटा उकलून पुन्हा लिहिला, या वेळी पूर्ण खुला, आणि ड्रायव्हर परत आला.

या भांडणात बरोबर कोण होतं, यावर तासभर वाद घालता येईल. गिऱ्हाईक म्हणून आपल्याला शिकायचं ते इतकंच की, पैसे देऊन आपण डबा विकत घेतो, पण तो चालवणारी किल्ली दुसऱ्याच कुणाच्या खिशात असू शकते.

आणि हे फक्त लिनक्सवाल्यांच्याच नशिबी नसतं. मॅकवाल्यांनी २०१९ मध्ये एका अपडेटसरशी जुनी ३२-बिट सॉफ्टवेअर्स बंद पडताना पाहिली. २०२० पासून ॲपलनं स्वतःची चिप आणली, तेव्हा ‘मॅकमध्येच विंडोज टाकू’ ही जुनी पळवाटही अरुंद झाली. नव्या मॅकवर चालतं ते वेगळ्या जातीचं विंडोज आणि कॅमेऱ्याचा जुना ड्रायव्हर त्याला ओळखत नाही. खुद्द विंडोजवाल्यांचंही तेच. माउंटच्या सिरियल केबलमधली प्रोलिफिक कंपनीची जुनी चिप विंडोज ११ वर नव्या ड्रायव्हरनं चालवायला गेलात तर सपोर्ट नसल्याचं उत्तर मिळतं. तीच केबल लिनक्सला लावा, मुकाट्यानं चालते! २०२४ मध्ये मीड ही दुर्बिणींची प्रसिद्ध अमेरिकन कंपनी बंद पडली. तिच्या जुन्या डीएसआय कॅमेऱ्यांसाठी कंपनीकडून आता नवं काही येणार नाही. पण इंडीच्या खुल्या ड्रायव्हर्समध्ये त्यांच्यासाठी जागा आहे.

मोठ्यांच्या घरी उलटंच

गंमत बघा. आपल्या टेबलावर जी सिस्टिम ‘कमी सपोर्टवाली’ ठरते, तीच मोठ्या वेधशाळांमध्ये मालकीण असते. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटर्सपैकी सगळेच्या सगळे लिनक्सवर चालताहेत. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना! त्यांच्याकडून येणारे सिग्नल जुळवायला २०१० च्या सुमाराला जी नवी यंत्रणा आली, ती लिनक्स कॉम्प्युटर्सच्या ताफ्यावरच बांधलेली होती.

पुण्याच्या ‘आयुका’नं पर्सिस्टंट सिस्टिम्सला सोबत घेऊन २००० च्या दशकात ‘व्हीओप्लॉट’ हे खगोलशास्त्रीय माहितीचे आलेख काढण्याचं सॉफ्टवेअर तयार केलं, तेही जावामध्ये. म्हणजे विंडोज असो वा लिनक्स, सगळीकडे चालावं. शास्त्रज्ञ जगभर विखुरलेले, प्रत्येकाची सिस्टिम वेगळी, म्हणून कुणाचंच अडू नये हा विचार. हौशी मंडळींच्या बाजारात तोच विचार पोचायला बराच वेळ लागला.

आणि पोचला तोही मागच्या दारानं. २०१८ मध्ये झेडडब्ल्यूओ या चिनी कंपनीनं ‘एएसआय-एअर’ नावाचा लाल रंगाचा छोटा डबा काढला. दुर्बिणीला चिकटवा, मोबाइलवर ॲप उघडा, काम सुरू. जगभर तुफान खपला. आत काय होतं? रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि त्यावर लिनक्स! ‘लिनक्स बाबा आपल्याला नाही जमत’ म्हणणारे कित्येक जण रात्रभर लिनक्सच वापरत होते. फक्त यात एक मेख आहे. खगोलाचे कॅमेरे या डब्याला चालतात ते त्याच कंपनीचे. एका कुंपणातून निघून दुसऱ्या कुंपणात, असं होऊ शकतं.

मग करायचं काय?

रस्ते चार आहेत. पहिला, कुणाचा तरी जुना विंडोज लॅपटॉप फक्त दुर्बिणीसाठी ठेवायचा. यात कमीपणा काही नाही. रात्र वाचते. दुसरा, वर सांगितलेला तयार डबा. डोक्याला ताप कमी, पण पुढची सगळी खरेदी त्याच दुकानातून. तिसरा, स्वतःचा रास्पबेरी पाय घेऊन त्यावर इंडी टाकायची. सुरुवातीला दोन-तीन वीकएण्ड जातील, पण नंतर कुठल्याही कंपनीचा कॅमेरा जोडायची मुभा. चौथा, आहे त्याच लिनक्स लॅपटॉपवर किंवा मॅकवर केस्टार्स घालून सरळ भिडायचं.

तिसरा-चौथा रस्ता घेणाऱ्यांसाठी एक दिलासा. ‘चालत नाही’ असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा ड्रायव्हर असतोच, अडचण भलतीकडेच असते. नेहमीचे चोर हे असे:

कॅमेरा दिसतो, पण उघडत नाही. बहुतेक वेळा परवानगीचा प्रश्न. लिनक्स कुठल्याही यूएसबी वस्तूला सरसकट हात लावू देत नाही. कंपनीच्या किंवा इंडीच्या पॅकेजसोबत येणारी ‘यूडेव्ह’ नियमांची फाइल जागेवर आहे ना, ते बघा आणि केबल काढून परत लावा. माउंटची सिरियल केबल असेल तर तुमचं नाव ‘डायलआउट’ या गटात घालून एकदा लॉगआउट करा.

डीएसएलआर जोडला की सॉफ्टवेअर म्हणतं ‘बिझी’. कारण तुम्ही केबल लावताच डेस्कटॉपनं तो फोटोंचा फोल्डर समजून आधीच उघडलेला असतो. तिथे ‘अनमाउंट’ करा, की कॅनन-निकॉन गुमान कामाला लागतात.

उबुंटू २२.०४ वर सिरियल केबल येते आणि लगेच गायब होते. हा सगळ्यात अजब चोर! अंध व्यक्तींच्या ब्रेल यंत्रासाठी असलेला ‘बीआरएलटीटीवाय’ हा प्रोग्रॅम सीएच-३४० ही स्वस्तातली चिप आपलीच समजून ताब्यात घेतो. ब्रेल यंत्र वापरात नसेल तर तो काढून टाका, केबल परत मिळते.

फ्रेम अर्धवट येतात, कॅमेरा मध्येच गोठतो. ड्रायव्हरला शिव्या देण्याआधी केबल बदला, हबला वेगळी वीज द्या आणि सेटिंगमधली यूएसबीची गती कमी करा.

फोटो घेऊन झाल्यावरची वाट बरीच सोपी आहे. गायडिंगसाठी ‘पीएचडी-२’ आणि फोटो रचून खुलवण्यासाठी ‘सिरिल’, दोन्ही फुकट आणि तिन्ही सिस्टिम्सवर चालणारी. पैसे मोजायची तयारी असेल तर ‘पिक्सइनसाइट’सुद्धा तिन्हींवर मिळतं.

शेतात इंटरनेट नसतं, तेव्हा

शहरात गच्चीवर सगळं झकास चाललं आणि गावी गेल्यावर दुर्बीण भलतीकडेच बघतेय, असं झालं तर घाबरू नका. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या मॉडेल्समध्ये घड्याळाचा सेलच नसतो. इंटरनेटवरून ते वेळ विचारून घेतात. रेंज नसेल तर जुनीच वेळ धरून बसतात. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. आता आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतं आणि पूर्ण चंद्राची रुंदी असते अर्धा अंश. म्हणजे घड्याळ फक्त दोन मिनिटं चुकलं तरी निशाणा एका चंद्राएवढा हुकला. उपाय स्वस्त आहे. जीपीएसची छोटी यूएसबी कांडी लावा, नाहीतर सुरुवातीला मोबाइलवरून वेळ घाला.

तसंच ‘प्लेट सॉल्व्हिंग’चं. म्हणजे काढलेल्या फोटोतल्या ताऱ्यांची रचना यादीशी ताडून दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे, ते शोधणं. हे काम इंटरनेटशिवायही होतं, पण ॲस्ट्रोमेट्री-डॉट-नेटच्या इंडेक्स फाइल्स आधी उतरवून ठेवलेल्या असतील तरच. आकारानं त्या मोठ्या असतात, तेव्हा हे काम ऑफिसच्या… आपलं, घरच्या वायफायवर उरका!

देऊळघाटला निघण्याआधी

• सगळी यंत्रं, सगळ्या केबल्स आणि तीच सिस्टिम घेऊन घरी एक अख्खी रात्र रंगीत तालीम करा. तारे दिसले नाहीत तरी चालेल, जोडणी तपासायची आहे.

• तालीम जमली की मेमरी कार्डची हुबेहूब प्रत काढून खिशात ठेवा.

• त्यानंतर परत येईपर्यंत सिस्टिम अपडेट करायची नाही. म्हणजे नाहीच!

• वीज मोजून न्या. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात, माउंटला बहुधा १२ व्होल्ट. दोघांची सोय वेगळी ठेवा.

• ध्रुव इकडे खाली असतो. उत्तरेला झाड किंवा टेकडी आड येणार नाही अशी जागा उजेडातच हेरून ठेवा.

• नवी वस्तू घेण्याआधी इंडीच्या यादीत तिचं नाव आहे का बघा. ‘लिनक्सवर चालेल बहुतेक’ या वाक्यावर पैसे टाकू नका.

• एकट्यानं सुरुवात नको वाटत असेल तर पुण्याची १९४४ सालापासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं १९८५ पासूनचं खगोल मंडळ गाठा. केबलींच्या गुंत्यात अडकलेली माणसं तिथे भेटतीलच.

आणि एवढं करूनही एखादी रात्र फुकट गेलीच, तर एक काम जरूर करा. सॉफ्टवेअरनं लिहून ठेवलेली लॉग फाइल जपून आणा आणि कॅमेऱ्याचं मॉडेल, सिस्टिमची आवृत्ती, नेमकं काय झालं, हे सगळं नीट लिहून ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना कळवा. या खुल्या ड्रायव्हर्समागे कस्टमर केअर नाही. आहेत ती नोकरी सांभाळून संध्याकाळी कोड लिहिणारी माणसं. देऊळघाटच्या शेतात तुमचा कॅमेरा रात्री दीड वाजता का थांबला, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं? तुमच्या चार ओळींमुळे पुढच्या अमावास्येला आणखी कुणाची तरी रात्र वाचेल. आणि कदाचित तुमचीही.